शुक्रीची गटारी

माथेरानच्या डोंगराची एक सोंड पनवेलच्या अंगाला उतरते. ती जिथे जमिनीला टेकते तिथे तीसेक घरांची कातकरी वाडी आहे, आणि वाडीत सगळ्यात वर शुक्रीचं घर. कुडाच्या भिंती, वर पत्रा. सकाळी सहाला त्या घरातून आल्याच्या चहाचा वास निघतो. काम असो नसो, तो वास चुकत नाही. शुक्री पेला दोन्ही हातांत धरून उंबऱ्यावर बसते आणि डोंगराकडे बघत सावकाश पिते. वाडीतल्या बाया हसायच्या. "पाटलीण झाली गं पाटलीण!" शुक्री हसणारीलाही घोटभर द्यायची. तिचं तोंड बंद करायला नव्हे, चहा चांगला झालाय हे कळावं म्हणून.

वाडीची एक जुनी रीत होती. पावसाळ्यात हाताला काम नसतं. मग आषाढातल्या अमावास्येला, गटारीला, वीटभट्टीचा मुकादम धर्मराज टेम्पो घेऊन यायचा. टेम्पोत कोंबड्या, तांदळाचं पोतं, दारूचे कॅन. भर दुपारी वाडीला जेवण. ताटं संपत आली की मुकादमाच्या खिशातून नोटा निघायच्या. या आगाऊ पैशाला उचल म्हणतात. उचल घेतली की दिवाळीनंतर सहा महिने नवरा-बायकोने जोडीने भट्टीवर राहायचं, चिखल तुडवायचा, विटा थापायच्या. पैसे फिटले की नाही, ते मुकादमाने सांगायचं.

शुक्रीची आणि तिचा नवरा मंगळ्याची पंधरा वर्षं अशीच गेली. मग तिने मनात धरलं की आता उचल नको. उलव्यात इमारती उभ्या राहत होत्या. तिथे रोजावर जायचं आणि दिवस मावळताना आपल्या चुलीपाशी यायचं. पण त्यासाठी पावसाळ्याचे महिने आपल्याच पैशावर काढायला हवे होते.

पहिल्या खेपेला तिला सांगितलं तसं तिने केलं. बचत गटाच्या माधुरीताई पनवेलहून येत. त्यांनी समाजमंदिराच्या फळ्यावर लिहून दिलं: चहा बंद, मासळी बंद, वेणी बंद. शुक्रीने सगळं बंद केलं. भट्टीवर असताना आणि परत आल्यावरही, सात महिने नुसता मीठभात आणि मिरचीचा ठेचा. मंगळ्या बोलेनासा झाला. भट्टीवर मिळणाऱ्या आठवड्याच्या खर्चीतून डब्यात मात्र आठ हजार साठले.

आणि गटारीला टेम्पो आला. रश्शाचा वास ओढ्यावरून चढत चढत वरच्या घरापर्यंत पोचला. मंगळ्या उठला. शुक्री दाराची चौकट धरून उभी राहिली, मग तिचेही पाय निघाले. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं ताट वाढलं तेव्हा मंगळ्याच्या मुठीत पाच हजार होते. घरात आठ हजार पडलेले असताना त्याने उचल घेतली, आणि तिने त्याला अडवलं नाही.

ते सहा महिने विटा थापताना ती हेच उलटून पालटून बघत राहिली. शेजारच्या खोपीत तिची नणंद रूपा होती. एका दुपारी शुक्री तिला म्हणाली, "रूपे, मी पैसे राखले आन माणूस उपाशी ठेवला. उपाशी माणूस विकत घ्यायला काय लागतं? एक तंगडी."

भट्टी सुटल्यावर दोघांनी उलव्याचं काम धरलं. शनिवारी मजुरी मिळायची. शुक्री आधी मौजेचे पैसे बाजूला काढायची: दूध, साखर, चहापूड, रविवारची ओली मासळी, अबोलीची वेणी आणि मंगळ्याची आठवड्याची एक बाटली. मग तांदूळ-तेल. उरलेले सगळे सोमवारी पोस्टात, हाताला लागू नयेत म्हणून.

तोडलं ते दुसरीकडे. नाक्यापर्यंत रिक्षा सोडली, सकाळी चालत जायची. पाच रुपयांच्या पुड्या सोडल्या, चहापूड एकदम आणायची. दुधाची पिशवी रूपाशी अर्धी अर्धी. मासळी घ्यायला बाजार उठता उठता जायची, तेव्हा मांदेली निम्म्या भावात मिळते. मे महिन्यात सुकट आणि बोंबील घेऊन चुलीवरच्या माळ्यावर टांगले. लग्नात लुगड्याचा आहेर बंद करून नारळ दिला. त्यावर भावकी चिडली. शुक्री म्हणाली, "लुगडं नवरी नेसत नाय, पेटीत ठेवते. नारळ तरी खाल्ला जातो."

माधुरीताई बैठकीला आल्या तेव्हा तिच्या केसांतली वेणी बघून हळहळल्या.

"शुक्रीबाई, अहो, रोजचा दुधाचा चहा, वर ही फुलं! हिशोब केलात तर वर्षाला केवढे होतात!"

"क्येला ताई हिशोब. चहा सोडून बघितला. तो लय म्हाग पडला."

"महाग?"

"सा महिने भट्टीवर गेले. तुमच्या फळ्यावर त्ये लिवा की."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माधुरीताई चांगल्या मनाच्या. त्यांनी फळ्यावरचं 'चहा बंद' एवढं पुसलं. मासळी तशीच ठेवली.

पाऊस लागला, उलव्याचं काम थांबलं. शुक्रीने डोंगरातून शेवळं, कोरल, टाकळा अशा रानभाज्या खुडून पनवेलच्या बाजारात विकल्या. जुड्या बांधताना पहिली जुडी ती घरासाठी काढायची. पोस्टात अकरा हजार होते. दिवाळीपर्यंत पुरतील असे, पण मंगळ्या डगमगला नाही तरच. मुकादम जोडी घेतो. एकाने उचल घेतली की दुसरं बांधलंच.

गटारीच्या दिवशी सकाळी टेम्पोचा आवाज आला, तसा मंगळ्या खाली गेला. "पोती उतरवायला हात लावतो," म्हणाला. शुक्री चुलीकडे वळली. तिने पाळलेला कोंबडा कापला, ओढ्यातले काळे खेकडे ठेचून रस्सा केला, नाचणीच्या भाकऱ्या भाजल्या. मंगळ्याची बाटली ताटाशेजारी ठेवली. वेणी माळली, उंबऱ्यावर बसली आणि वाट बघत राहिली. खाली ढोलकी वाजू लागली. दुपार कलायला आली.

मंगळ्या आला तेव्हा त्याच्यामागे धर्मराज होता.

"काय शुक्री! वाडी जेवते आन तू वर बसलीस? मंगळ्या बोलतो, बायकोला विचारतो. मी बोललो चल, मीच विचारतो."

"बरं क्येलंत मुकादम. बसा. ताट वाढलंय."

धर्मराजला नाही म्हणता येईना. दारात आलेला माणूस गटारीला जेवल्याशिवाय परत जात नाही. तो बसला. पहिल्या भुरक्याला त्याच्या कपाळावर घाम आला, दुसऱ्याला त्याने भाकरी मागितली. खाता खाता डाव्या हाताने त्याने खिशातून नोटा काढल्या आणि मंगळ्याच्या ताटाशेजारी ठेवल्या.

"धा हजार. दुप्पट. अशी जोडी मना दुसरी नाय. मंगळ्या, बोल. बाईकडं नको बगू."

मंगळ्याने नोटांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. शुक्रीचा हात पातेल्यातल्या पळीवर तसाच राहिला. ती या वेळेला त्याला अडवणार नव्हती, ओढणारही नव्हती. पोट भरलेल्या माणसाने काय करायचं ते त्याने करावं.

मंगळ्याने खेकड्याची नांगी दाताखाली फोडली. आतलं मांस सावकाश चोखलं.

"खाली बगून आलो मुकादम," तो म्हणाला. "तुमचा रस्सा पातळ हाय. औंदा पाणी जास्त झालं."

"आरं, पैशाचं बोल!"

"हात खरकटे हायत. तुमचे पैसे तुमीच घ्या."

शुक्रीने पळीभर रस्सा मंगळ्याच्या ताटात ओतला, मग धर्मराजच्याही. धर्मराजने नोटा खिशात घातल्या, पण ताट टाकलं नाही. पुसून खाल्लं. उठताना त्याचा चेहरा रागाने आणि तिखटाने सारखाच लाल होता.

"किती वर्षं बसशील गं अशी? फुडल्या गटारीला बगतो तुला."

"फुडल्या गटारीला जेवायलाच या," शुक्री म्हणाली. "कोंबडा मातर तुमचा आणा."

तो पायवाटेने खाली गेला. मंगळ्याने ताट पुढे केलं आणि शुक्रीने स्वतःसाठीही एक घेतलं.