रविवारचं प्रॅक्टिकल

ती घटना आठवली की आजही मला हसू येतं. त्या दिवशी दुपारभर मात्र मी मनातून पुरता घाबरलो होतो, हे कबूल करायला हवं.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, साक्ष फिरवणारे सज्जन पाहिले. या प्रकरणात गुन्हाच नव्हता. कट मात्र होता. तो रचणाऱ्यांत दोन आज्या, त्यांच्या दोन नाती आणि एक म्हातारबा होते, आणि त्यांनी एका अख्ख्या पोलीस ठाण्याला कामाला लावलं. त्यातली बरीचशी माणसं आजही जुन्नर-आंबेगावात सुखाने नांदत आहेत, म्हणून नावं सांगत नाही.

मी तेव्हा पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या एका बाजारपेठेच्या गावात सहायक पोलीस निरीक्षक होतो. ठाण्याचा प्रभार माझ्याकडेच. थंडीचे दिवस होते, म्हणजे आमच्या भागात टेनिस बॉल क्रिकेटचे दिवस. त्या वर्षी खोडदजवळच्या माळावर पहिल्यांदाच मुलींच्या संघांचे सामने भरवले होते. रविवारी सेमी फायनल आणि लगेच फायनल. माझी दहा वर्षांची मुलगी क्रिकेटवेडी. तिला आठवडाभर आधी शब्द दिला होता की या रविवारी साप्ताहिक सुट्टी घेऊन आपण तिघंही जाऊ. पत्नीने सकाळीच चटई, पाण्याच्या बाटल्या, टोप्या काढून ठेवल्या होत्या. दुपारी साडेबाराला मी बूट घालत असताना ठाणे अंमलदाराचा फोन आला.

"साहेब, बाजारातले कापडवाले शेठ आलेत. त्यांच्या आई सकाळपासून सापडत नाहीत."

मुलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. पोलिसाच्या मुलांना फोनवरचा आवाज ऐकायला लागत नाही. "तुम्ही दोघी जा, मी येतोच मागून," असं म्हणालो. माझ्या 'येतोच' या शब्दावर त्या घरात कुणाचा विश्वास नव्हता. दोघी एसटीने गेल्या.

शेठचं कुटुंब मूळचं राजस्थानातलं, जैन, पण तीन पिढ्या इथेच मुरलेलं. शेठ शांत माणूस. त्या दिवशी त्यांचा शर्ट उलटा घातलेला होता आणि ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत 'थोडी वाट बघा' असं सांगण्याची काही ठिकाणी सवय असते. मी ते कधी केलं नाही. मनुष्य मिसिंग रजिस्टर उघडलं, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"घरात काही वाद?"

"नाही साहेब."

"आजार?"

"तीन महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी फार फिरू नका म्हटलंय. मी तर त्यांना एकटं दारापर्यंतही सोडत नाही. आज साडेनऊला जैन स्थानकात प्रवचनाला जाते, शेजारच्या बायका सोबत आहेत म्हणाल्या. बाराला मी आणायला गेलो तर त्या तिथे गेल्याच नव्हत्या."

"फोन?"

"घरीच ठेवून गेल्यात. त्यांच्या उशीखाली सापडला."

शेठच्या पत्नी बाजूला उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, सासूबाई सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. सकाळपासून नीट खाल्लंय की नाही, देव जाणे. आणि एक गोष्ट. घरातला चार पुडांचा मोठा डबा दिसत नाहीये."

ही गोष्ट मी लिहून घेतली, पण तिचं वजन मला तेव्हा कळलं नाही. घर सोडून जाणारा माणूस कपडे नेतो, कागद नेतो. चौघांना पुरेल एवढा डबा कुणी नेत नाही.

"घरात आणखी कोण असतं?"

"मुलगी. कॉलेजला आहे, शेवटच्या वर्षाला. प्रॅक्टिकलला गेलीय. तिचाही फोन लागत नाही, लॅबमध्ये बंद ठेवायला लावतात."

रविवारी कसलं प्रॅक्टिकल, हे ना त्या बापाला सुचलं, ना मला. तपासात समोर पडलेली गोष्टच माणूस ओलांडून जातो.

मला भीती वेगळीच होती. आमच्या भागात चहूकडे ऊस आणि उसात बिबटे. शिवाय कालव्याला पाणी सुटलेलं. गुडघा दुखावलेली, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई वाट चुकून शेताकडे गेली असेल तर? वायरलेसवरून शेजारच्या ठाण्यांना वर्णन दिलं, दोन माणसं एसटी स्टँडला, दोन कालव्याच्या कडेने पाठवली. हवालदाराला प्रवासी जीपवाल्यांकडे चौकशीला सोडलं.

दीडच्या सुमाराला तो एका जीपवाल्याला घेऊनच आला.

"शेठच्या आई ना? मीच सोडल्या की साहेब दहा वाजता. बोरी बुद्रुकच्या फाट्याला. एक छत्री व्हती अन् ह्यो येवढा डबा. म्या म्हनलं, आजी, उचलू का? तर डबा देईनात."

"घाबरलेल्या होत्या का? कुणी सोबत?"

"घाबरलेल्या? लई खुशीत व्हत्या राव! सगळ्या रस्त्यानं गाडी पळव म्हनत व्हत्या. फाट्यावर एक मावशी उभी व्हती, तिच्यासंगं गेल्या."

शेठच्या पत्नींना लगेच उलगडा झाला. बोरीची एक मावशी तीस वर्षं आठवडे बाजारात त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर भाजीची पाटी मांडते. सासूबाईंची तिच्याशी घट्ट मैत्री. दोघी बाजाराच्या दिवशी तासन् तास हळू आवाजात बोलत बसतात.

जीप काढली. शेठ आणि त्यांच्या पत्नी मागे बसले.

मावशीचं घर गावाबाहेर मळ्यात. अंगणात बाजेवर मावशीचे कारभारी, सत्तरीचे म्हातारबा, गोधडी पांघरून बसले होते. दुपारी दोनला, उन्हात, गोधडी. माझ्या मनात पहिली पाल तिथे चुकचुकली.

"राम राम. मावशी कुठे आहेत?"

"गेली आसंल."

"कुठे?"

"बाहिर."

"बाजारातल्या शेठच्या आई इथे आल्या होत्या ना?"

"आमाला काय ठावं न्हाई साहेब. आमी आपलं हितंच."

मी नोकरीत अट्टल माणसांची चौकशी केली आहे. अट्टल माणूस डोळ्याला डोळा देतो. म्हातारबा सारखे गोधडीत बघत होते. मी बाजेच्या कडेला बसलो. आवाज चढवला नाही. म्हटलं, "बाबा, शेठच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही. त्यांची आई आहे ती. तुम्हाला माहीत असेल तर—"

"आरं धर की! धर!" म्हातारबा एकदम ओरडले.

मी दचकून उठलो. हवालदाराने काठी सावरली.

"काय धर?"

म्हातारबांचा चेहरा पडला. "म्हस. म्हस सुटली वाटतं. तिला धर म्हनलं."

म्हैस समोर दावणीला रवंथ करत उभी होती. मी गोधडीचं टोक उचललं. आत मोबाईल होता आणि त्याची वायर म्हातारबांच्या कानात, मफलरखाली. पडद्यावर थेट प्रक्षेपण चाललं होतं. माळावरचं मैदान, पांढरे कपडे घातलेल्या मुली आणि लांब, शेतांच्या मागे, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची ती अवाढव्य तबकडी. मी वायर ओढून काढली तशी कॉमेंट्री अंगणभर घुमली: "झेल सुटलेला आहे मंडळी! पण प्रेक्षकांचा उत्साह बघा!"

कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. एका काळ्या छत्रीखाली दोन म्हाताऱ्या. एकीच्या डोक्यावर पदर, दोन्ही हात वर, तोंडाने काहीतरी जोरात ओरडत होती.

"आई!" शेठ मटकन बाजेवर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसायलाही लागले. मग कॅमेरा परत खेळपट्टीकडे वळला. डावखुरी एक मुलगी चेंडू टाकायला धावत येत होती. शेठचं हसू थांबलं.

"ही... ही आपली आहे?"

शेठच्या पत्नी मोबाईलजवळ वाकल्या. "आपलीच," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "रविवारी कसलं प्रॅक्टिकल!"

म्हातारबांनी हात जोडले. "शपथ घातली व्हती साहेब कारभारनीनं. माजी नात बी हाय त्या टीमात. ही सेमी फायनल हाय, आता जितत्यात बघा, मंग फायनल." जरा थांबून त्यांनी विचारलं, "गाडीत एका मानसाची जागा आसंल का? म्हशीला शेजारी बघंल."

वायरलेसवर शोध थांबवण्याचा संदेश दिला. डायरीसाठी मनात वाक्य जुळवलं: 'ओळख पटवणेकामी नातेवाईक व साक्षीदार यांना सोबत घेऊन रवाना.' सरकारी जीपमधून कुटुंबाला सामन्याला नेल्याची एवढी सुबक नोंद मी पुन्हा कधी केली नाही.

वाटेत शेठचा राग हळूहळू चढत होता. "तीन महिने प्रॅक्टिकल, प्रॅक्टिकल! आणि आईसुद्धा यात सामील! मी आधी पोरीला मैदानातून बाहेर काढणार, साहेब."

उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत मैदानावर पोहोचलो तेव्हा फायनल रंगात आली होती. छत्री लांबूनच दिसली. जवळ गेलो आणि माझाच पाय थबकला. छत्रीच्या एका बाजूला माझी पत्नी बसली होती. माझी मुलगी शेठच्या आईंच्या मांडीला टेकून, चार पुडांच्या डब्यातली मेथीची पुरी खात होती. ज्या बाईसाठी मी तालुकाभर वायरलेस केला, तिच्याशी माझं घर दोन तास गप्पा मारत होतं.

"आलात?" पत्नी म्हणाली. "या आजींची ओळख करून देते."

"ओळख आहे," मी म्हणालो. "त्यांचं वर्णन पाठ आहे मला."

शेठ पुढे झाले. "आई! काय हे? तुझा गुडघा! आम्ही तिकडे जीव मुठीत धरून—आणि तिला आत्ताच्या आत्ता बोलवा इकडे!"

आजींनी मान वर केली. "बस खाली. मागच्यांना दिसत नाहीये."

मागून खरंच ओरडा झाला, "ओ शेठ, बसा की राव!" शेठ बसले.

"सांगून का नाही आलीस?"

"तू नाही म्हणाला असतास."

"मी नाही म्हणणार, हे तूच ठरवलंस?"

"पन्नास वर्षं ओळखते तुला," आजी म्हणाल्या. "हे घे, पुरी खा. चेहरा उतरलाय."

मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. म्हातारबा तिच्या शेजारी जाऊन गुपचूप बसले. "म्या काय बोललो न्हाई," त्यांनी आपणहून सांगून टाकलं.

शेवटची ओव्हर शेठच्या मुलीकडे आली. समोरच्या संघाला सात धावा हव्या होत्या. पहिल्या दोन चेंडूंवर काहीच नाही. आजींनी माझ्या मुलीचा हात घट्ट धरला होता. मी शेठकडे पाहिलं. पुरी हातातच राहिली होती. तिसऱ्या चेंडूवर चौकार गेला, चौथ्यावर एकच धाव. पाचवा चेंडू उजव्या बाजूने गेला आणि पंचांनी दोन्ही हात पसरले.

"वाईड कसा?" शेठ ताडकन उभे राहिले. "अहो पंच! बॅटच्या इतका जवळून गेला! तुम्ही बघता कुठे?"

"बस खाली," आजी म्हणाल्या.

"आई, पण वाईड नव्हता तो!"

तो चेंडू पुन्हा टाकला, निर्धाव गेला. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. फलंदाज मुलीने चेंडू नुसता ढकलला आणि जीव खाऊन पळाली. मावशीच्या नातीने झेप घेऊन फेक केली, दांडी उडाली, पण बॅट रेषेच्या आत होती. हरलो. 'हरलो' असंच म्हणतो, कारण तोवर आम्ही सगळे एकाच बाजूचे झालो होतो.

मुलगी मान खाली घालून बाहेर यायला लागली. अर्ध्या वाटेत तिने वडिलांना पाहिलं आणि जागीच उभी राहिली. तिची ओढणी कमरेला बांधलेली, गुडघे धुळीने माखलेले. शेठ उठून तिच्याजवळ गेले. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. मी दोन पावलं पुढेही झालो, सवयीने.

शेठ वाकून तिच्या गुडघ्यांवरची धूळ झटकू लागले. मग म्हणाले, "तो वाईड नव्हता."

मुलीला एकदम रडू फुटलं. रडता रडता ती म्हणाली, "नव्हताच पप्पा! मी सांगत होते त्यांना!" आणि बापलेक तिथेच उभे राहून, हातवारे करत, तो चेंडू कुठून कसा गेला ते एकमेकांना पटवत राहिले.

सूर्य मावळायच्या आत सगळ्यांनी मिळून डबा संपवला. माझ्या मुलीने दोन्ही खेळाडूंच्या सह्या टोपीवर घेतल्या. त्या मुलींनी आयुष्यात पहिल्यांदाच सही दिली असावी. दोघींनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी कायद्याने एक काम उरलं होतं. मिसिंग व्यक्ती मिळून आली की तिचा जबाब घ्यावा लागतो. आजींना ठाण्यात बोलवायचं नाही म्हणून महिला अंमलदाराला घेऊन मीच घरी गेलो. ठरलेली वाक्यं वाचून दाखवली: 'मी माझ्या स्वखुशीने गेले होते. मला कोणी फूस लावली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

"पंचांविरुद्ध आहे," घरापुढच्या दुकानातून शेठ म्हणाले.

आजींनी चष्मा लावून कागद स्वतः पुन्हा वाचला. "यात एक ओळ घाला," त्या म्हणाल्या. "यापुढे घरच्यांना सांगून जाईन. आणि ते सोबत येणार आहेत." ती ओळ मी घातली. वरिष्ठांनी त्यावर एक शब्दही विचारला नाही.

त्यानंतर बेपत्ता माणसांची कित्येक प्रकरणं माझ्या हाताखालून गेली. वाद, आजार, संशय हे प्रश्न आम्ही विचारतोच आणि ते विचारायलाच हवेत. पण त्या रविवारपासून मी नातेवाइकांना आणखी एक विचारू लागलो: "त्यांना काय आवडतं?" पुष्कळ घरांत या प्रश्नावर मुलगा सुनेकडे बघतो, सून सासऱ्याकडे. चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या माणसाला काय आवडतं, हे सांगता येत नाही. ज्या घरात चटकन उत्तर मिळालं, त्या घरचं माणूस शोधायला मला फारसा वेळ लागला नाही.

निवृत्तीनंतर आता हा प्रश्न मी माझ्याच घरी विचारत असतो. पत्नी म्हणते, वीस वर्षं उशीर झाला, पण विचारलंत ते बरं केलंत.