आईचं जातं आणि संग्रहालयातला स्क्रीन

मंडळी, आईचं जातं आणि तिच्या ओव्यांची कॅसेट मी जालन्यातल्या एका छोट्या संग्रहालयाला दिली होती. तिथं आता सगळं डिजिटल झालं, असं ऐकून आज घनसावंगीहून जीपनं तडक गेले.

जात्याच्या जागी स्क्रीन! मी तिथल्या बाईंना झापलंच, "जातं भंगारात घातलं का?"

"न्हाई मावशी, अंगणात चला. व्हिडिओ बघून लोकं म्हणू राह्यले, आम्हाला दळू द्या."

अंगणात कॉलेजच्या दोन मुली ज्वारी दळत होत्या. शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर आईची ओवी चालू होती. किती वर्षांनी ऐकला तो आवाज! जीव भांड्यात पडला.

पीठ मात्र जाडं पडत होतं. "मूठ लहान घाला गं," म्हणत मीच पदर खोचून बसले.

तुमच्या आईचा आवाज कुठं ठेवलाय?