तरंगणाऱ्या पेशी

समजा, तुमच्या हातात तळहाताएवढी चपटी बाटली आहे. आत गुलाबी पाणी, त्यात माणसाच्या पेशी. जिवंत पेशी तळाला चिकटून बसतात, मेलेल्या सुटून वर येतात. तुम्ही बारीक नळीने जुनं पाणी ओढून टाकायचं, नवं भरायचं. झालं त्यांचं जेवण. काही दिवसांत हात आपोआप चालू लागतात, डोकं कुठे का असेना.

धाकटीचं तसंच झालं होतं. प्रयोगशाळेत तिने उमेदीची वर्षं या बाटल्यांना भरवण्यात घालवली होती. अंडाशयाच्या कॅन्सरचा कायदा मात्र उलटा, हे ती नव्या मुलींना स्वतः बजावायची. "या सुटल्या तरी मरत नाहीत. पोटात पाणी साचतं, त्यात एकमेकींना धरून गोळे करतात, तरंगत जगतात. मग आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याला चिकटतात, की तिथे नवी गाठ. म्हणून यांचं तरंगतं काही फेकायचं नाही."

त्या आठवड्यात ताईच्या, म्हणजे याच कॅन्सरने आजारी असलेल्या तिच्या थोरल्या बहिणीच्या, पोटातलं पाणी काढलं. जुनं औषध लागू पडेनासं झालं होतं. नवं चालेल का, हे आधी तिच्याच पेशींवर बघायचं ठरलं. नमुना थोडाच निघाला, एका बाटलीपुरता.

"माझं पाणी तुझ्याच हाती आलंय म्हणे," ताई खाटेवरून म्हणाली. "सांभाळ गं बाई. घरी तुला एक कुंडी जगवता आली नाही."

"तूच पाणी घालून घालून कुजवलीस ती."

"हो, मीच मेली वाईट."

दुसऱ्या दिवशी धाकटीने ताईची बाटली उघडली, नळी लावली, वरचं पाणी ओढलं. ते पेशी मारणाऱ्या ब्लीचच्या बरणीत गेलं. थोडा फेस आला, गुलाबी रंग उडाला. मग तिच्या लक्षात आलं, तरंगत्या पेशी त्यातच होत्या.

रडू येईल असं तिला वाटलं, आलं नाही. तिने नवं पाणी भरलं, झाकण लावलं, बाटली उबेच्या कपाटात ठेवली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना जाऊन सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "खाली चिकटलेल्या आहेत ना? त्यांच्यावर बघू. तरंगत्यांसाठी परत नमुना मागू. पाणी काय, भरेलच पुन्हा." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. धाकटी "हो" म्हणाली, जणू कुणी चहाला विचारलं होतं.

संध्याकाळी तिने ताईला सरळ सांगून टाकलं. ताई हसली. "म्हणजे इतक्या दिवसांत त्यांना मारणारी तूच पहिली!"

धाकटीने तिच्या पायांवरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

काही दिवसांनी निकाल आला. तळाच्या पेशी नव्या औषधाने मेल्या होत्या. डॉक्टरांना तेवढं पुरे होतं. पुन्हा पाणी भरायची वाट न बघता औषध उद्याच सुरू करायचं ठरलं.

"मेल्या ना गं सगळ्या?" ताईने विचारलं. तिचा हात पोटावर होता. पोट पुन्हा जरा ताठ दिसत होतं.

"चिकटलेल्या मेल्या."

धाकटी प्रयोगशाळेत परतली, हातमोजे चढवून दुसऱ्याच कुणाच्या बाटल्या भरवायला बसली. हात चालत होते. डोक्यात एवढंच होतं: एकमेकींना घट्ट धरून तरंगणाऱ्या त्या गोळ्याच्या अगदी आतल्या पेशीपर्यंत हे औषध पोचतं का?