सुनीताच्या गव्हावर सांडलेला जवळा

माझी ही फजिती ऐकायची असेल तर हातातला चहा आधी संपवा. नाहीतर ठसका लागेल, आणि तेही माझ्याच माथी यायचं.

आमच्या पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलं, की कंपन्यांमुळे रोह्यात परमुलखातली किती माणसं आलीत. त्यांच्याकडे जा, बसा, विचारपूस करा. महिला मंडळाची सेक्रेटरी कोण? मी! त्यामुळे जायची घाई सगळ्यात जास्त मलाच. विचारपूस तेवढी राहिली.

दिवाळी नुकतीच सरली होती. रोह्याच्या अष्टमी भागात, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये बिहारचं एक कुटुंब नवीन आलं होतं. त्यातली सुनीता मला खिडकीतून दिसली. हातात सूप, पाय अनवाणी, आणि बाई दारोदार गहू मागतेय! कोणी मूठभर घालत होतं, कोणी दार लावून घेत होतं. त्यांच्या बिल्डिंगखाली नवीकोरी चारचाकी उभी असायची, पण मी म्हटलं, घरमालकाची असेल. एकदा दया यायला लागली की मग डोळ्यांचं काय काम?

मंडळातल्या बायकांकडून बघता बघता पिशवी भरली. तांदूळ, डाळ, तेल, दोन वापरलेल्या साड्या. आणि मी पडले पेणची. कोरड्या डाळभातावर कुणाची बोळवण कशी करू? माहेरून आलेली सुक्या जवळ्याची, म्हणजे बारक्या सुकवलेल्या कोळंबीची, पुडी वर ठेवली. वास असा, की मी जिन्यात पाऊल टाकलं तेव्हाच वरच्या मजल्याला कळलं असणार.

सुनीताचं दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर धुतलेले गहू वाळत होते आणि ती राखण करत शेजारी बसली होती. मी "आता काळजी नको हां" म्हणत आत शिरले आणि जड पिशवी टेकवली ती थेट चादरीवर. पिशवी कलंडली, पुडी फुटली, आणि सगळ्या गव्हावर जवळा!

सुनीता नुसती गव्हाकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, बिचारीला भरून आलं. मी तिला जवळ घेतलं आणि डोळे मिटून प्रार्थनाही सुरू केली!

आतून तिचा नवरा आला. कंपनीत मोठा इंजिनिअर, खालची गाडी त्याचीच. त्याने शांतपणे सगळं सांगितलं. त्यांची मुलगी टायफॉइडने पार खंगली होती. ती बरी झाली तर भीक मागून छठपूजा करीन, असा सुनीताचा नवस होता. घरात कितीही असो, नैवेद्याचे गहू मागूनच आणायचे. त्या दिवसांत घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नाही, आणि मी तर जवळा ओतला होता. आता पुन्हा मागायला निघायची तिची हिंमत नव्हती. इथे तिचं बोलणं लोकांना कळेना आणि दारं लागायची.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सुनीतानेच डोळे पुसले.

"दीदी, आप साथ चलेंगी? आपको तो सब जानते हैं."

काय मन म्हणायचं हे! जिने नवसाचं मातेरं केलं, तिलाच सोबतीला घेतलं. मी घरी जाऊन आंघोळ केली, चपला काढल्या आणि सूप हातात घेऊन पुढे झाले. माझ्यामागे सुनीता. एकेक दार उघडत गेलं. वाटेत ती मुलीच्या आजारपणाचं सांगत होती आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, मधे न बोलता ऐकत होते. त्या फेरीसाठी मी अजून देवाचे आभार मानते.

गल्लीच्या टोकाला एक म्हाताऱ्या काकू राहतात. त्यांनी सुपात पसाभर गहू घातले, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि मला हळूच बाजूला घेतलं.

"यवढी वेळ आली व्हय गो तुझ्यावर? लाजू नको. तुमच्या चर्चात कोन बाई हाय म्हनं, न विचारता पिशव्या भरून देते. तिला जाऊन भेट."