चेहऱ्यापुरतं ऊन

काल बहिणीकडे गेले, तेव्हा तिची दहा वर्षांची मीरा खो-खोच्या सरावाला निघाली होती. बहिणीने तिला दारातच धरलं आणि गोरं करणारं क्रीम गालांवर खसाखसा चोळलं. त्या सावळ्या, तुकतुकीत चेहऱ्यावर राखेसारखा थर चढला. मी विचारलं,

"अगं, कशाला हे?"

"उन्हासाठी गं. सनस्क्रीन असतं यात."

मीराने उघडे हात पुढे केले. "मग इथेही लाव ना, आई. इथेच जास्त भाजतं."

"हातांकडे कोण बघतंय?" म्हणत बहिणीने झाकण लावलं.

ऊन हे नुसतं निमित्त. त्याच्या नावाखाली आपण पोरींना स्वतःच्याच कातडीची किळस शिकवतो, तीही मायेने, रोज.

मीरा निघाली. जिना उतरताना तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते.