त्या तालमीतली पहिली टाळी

मागच्या महिन्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि काचेच्या चौकटीत माझाच फोटो. सूत्रसंचालक ओरडून म्हणाला, "ज्यांच्या चालीवर आज सारा देश नाचतोय, ते आपल्या शहराचं भूषण!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.

ती चाल माझी नाही. कधीच नव्हती. ती खुलताबादच्या माझ्या मित्राची आहे, आणि तो अजून जिवंत आहे.

हा घोळ एका माहितीपटानं घातला. आमच्या शहरातून मुंबईला गेलेला एक पोरगा आज मोठा पॉपस्टार आहे. त्याच्या मैफलीच्या तालमींवर हा माहितीपट निघाला. पोरगा घाम कसा गाळतो, वादकांवर कसा खेकसतो, मग कोपऱ्यात जाऊन डोळे कसे पुसतो, असं सगळं त्यात आहे. शेवटची तालीम त्यानं मुद्दाम इथं, बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात ठेवली. "माझी मुळं इथं आहेत," असं तो कॅमेऱ्यासमोर दोनदा म्हणतो. मुळं म्हणजे आम्ही. मला आणि माझ्या मित्राला न्यायला गाडी आली होती.

हा पोरगा मिसरूड फुटायच्या आधी आमच्या ऑर्केस्ट्रात कोरसमध्ये उभा राहायचा. मी चितेगावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून हार्मोनियमवर बसायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. मित्र कव्वालांच्या घरातला. ढोलक त्याची, टाळी त्याची, निम्म्या चालीही त्याच्याच. त्याला आम्ही उस्ताद म्हणायचो. सुरुवातीला चेष्टेनं, नंतर खरोखर.

आमच्या तालमीत एक रीत होती. ज्यानं चाल बसवली, त्यानंच पहिली टाळी द्यायची. त्या टाळीवर बाकीचे गाणं उचलायचे. तो गावाला गेला असला तर गाणं त्या दिवशी घ्यायचंच नाही. कागद, करार, नोंदणी असलं आमच्याकडं काही नव्हतं. कुणाची चाल कुणाची, हे त्या टाळीवरूनच सगळ्यांना कळायचं. दुसऱ्याच्या गाण्याला टाळी देणं म्हणजे भर चौकात दुसऱ्याच्या लेकराला आपलं म्हणणं.

ज्या गाण्यानं हा पोरगा मोठा झाला, त्याचे शब्द मुंबईचे आहेत, चाल उस्तादाची. वेरूळच्या एका लग्नाहून परतताना जीपच्या मागच्या फळीवर बसून त्यानं ती गुणगुणली आणि दुसऱ्या दिवशी तालमीत बसवली. मला हे पक्कं आठवतं, कारण मीच नाक मुरडलं होतं. म्हणालो होतो, "उस्ताद, ही तर कव्वाली झाली. वऱ्हाडी जेवण सोडून पळतील." चाल माझी असणं सोडाच, मला ती आवडलीही नव्हती.

तर त्या मंगल कार्यालयात ते गाणं घ्यायची वेळ आली. उस्ताद पुढं सरकला. त्याचा उजवा हात हल्ली थरथरतो. माहितीपटाची दिग्दर्शिका मॉनिटरकडं बघत म्हणाली, "या काकांचा हात हलतोय. शॉट नाही चांगला दिसत. ते दुसरे काका करतील का? फक्त एक टाळी तर आहे."

फक्त एक टाळी! तिला माहीत नव्हतं, तिचं मी समजू शकतो. पण त्या पोराला माहीत होतं. ह्याच टाळीवर तो वाढला होता. तो कानात यंत्र खोचत माझ्याकडं न बघता म्हणाला, "द्या मास्तर. उशीर होतोय."

मी दिली. दिवे, क्रेन, एवढी माणसं थांबलेली, आणि जन्मात पहिल्यांदा कॅमेरा माझ्याकडं वळलेला. मला ते हवंसं वाटलं. ह्याहून वेगळं कारण मी आजवर खूप शोधलं, ते नाही.

माहितीपट त्याच टाळीनं सुरू होतो. पडदा काळा, मग माझे हात, मग माझं तोंड, आणि खाली अक्षरं: 'मूळ चालीचे जनक'. मुलाच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. सून म्हणाली, "बाबा, कधी बोलला नाहीत!" आणि मी गालात हसलो. त्या हसण्याची मला टाळीपेक्षा जास्त चीड येते.

मी दिग्दर्शिकेला फोन केला, पण सत्कार उरकल्यावर, हेही लिहून ठेवतो. ती म्हणाली, "काका, आता फिल्म बदलता येत नाही. आणि लोकांना तुम्ही किती आवडलात!" त्या पोराच्या मॅनेजरनं तर माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. मग मी खुलताबादला गेलो.

उस्ताद दारातल्या ओट्यावर बसला होता. उठला नाही.

"कायकू आया मास्तर? ऑटोग्राफ देने?"

"उस्ताद, चुकलं माझं."

"नाय, नाय. मी बी हाय की पिच्चरमधे. मागं, खुर्च्यांच्या रांगेत. चाय पिताना. चाय लई झकास दिसती."

"मी सगळ्यांना सांगतो, चाल तुझी आहे."

"मेरेकू नक्को सुना. मला म्हायती हाय कुणाची हाय ती." त्यानं आत हाक मारली. त्याची नात बाहेर आली, नववीतली. "हिला सांग."

पोरगी उंबऱ्यातच उभी राहिली. तिनं शाळेच्या गॅदरिंगला तेच गाणं घेतलं होतं आणि बाईंना सांगितलं होतं की ही चाल माझ्या दादाची, म्हणजे आजोबांची. वर्ग हसला. बाईंनी मोबाईलवर माझी टाळी दाखवली, खोटं बोलू नये असं सगळ्यांसमोर सुनावलं आणि गाणं दुसऱ्या मुलीला दिलं.

"नाना," ती मला म्हणाली, "त्या पिच्चरवाल्या बाईनं सांगितलं तेव्हा तुम्ही नको का नाय म्हणला?"

तिला उत्तर नको होतं. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. "मग आता म्हणा." मी बोललो. तिनं मान हलवली. "नाव खाल्लं तुम्ही. दादाचं नाव मोठ्यानं घ्या." मी परत बोललो, नावासकट. उस्ताद रस्त्याकडं बघत राहिला.

तो व्हिडिओ तिनं टाकला. खाली लोकांनी लिहिलं: म्हातारपणी प्रसिद्धीची हाव. पैसे मिळाले नसतील. दोघं मिळून नाटक करताहेत. सत्काराला टाळ्या वाजवणारी हीच माणसं. खोटं बोललो तेव्हा एकानंही पुरावा मागितला नाही!

मग मात्र मॅनेजरचा फोन आला, स्वतःहून.

"काका, तो व्हिडिओ काढून टाका. लोकांचा गोंधळ होतोय."

"होऊ द्या."

"सर नाराज आहेत."

"त्याला म्हणावं, खुलताबादला ये आणि उस्तादासमोर नाराज हो."

फोन बंद झाला. त्या पोरानं अजून तोंड उघडलेलं नाही. उस्तादही माझ्याशी बोलत नाही. ईदला गेलो तर शिरखुर्मा आतून आला, तो बाहेर आला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ह्या लेखात माझं नाव मी घातलेलं नाही आणि त्याचंही. त्याचं नाव व्हिडिओत आहे, मोठ्यानं घेतलेलं.

गॅदरिंग अजून व्हायचं आहे. पोरीनं बाईंना व्हिडिओ दाखवला. बाई म्हणाल्या, "बघू." त्या 'बघू'साठी मी हे लिहितो आहे. हे छापून आलं की अंक घेऊन मी स्वतः शाळेत येणार आहे. बाई, तुमच्या वर्गात ती मुलगी खरं बोलत होती. खोटी माझी टाळी होती. तिचं गाणं तिला परत द्या, आणि ज्या वर्गासमोर तिला खोटं ठरवलंत, त्याच वर्गासमोर द्या.