गुरुजींची बोली

रनाळे रस्त्यावरचा तो अपघात मी अजून विसरलेलो नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे बरेच पाहिले. पण या प्रकरणात माझं चुकलं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं असेल.

तेव्हा मी नंदुरबार तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवेलागणीला रुग्णालयातून खबर आली की मोटारसायकलवरून पडलेला एक इसम बेशुद्धावस्थेत दाखल झाला आहे, डोक्याला गंभीर दुखापत आहे. जखमी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, नवापूरकडच्या डोंगरातले. बायको इथल्याच तापीकाठच्या शेतकरी घरातली. दोघांनी घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलं होतं.

सकाळी पंचनामा केला. रस्त्यावर घसरल्याची लांब खूण, फुटलेला आरसा, बाकी काही नाही. रुग्णवाहिकेसाठी ज्या नंबरवरून फोन गेला होता, तो बंद येत होता. अज्ञात वाहनाविरुद्ध गुन्हा दाखल केला.

दोन दिवसांनी आमच्या एका खबऱ्याने कानावर घातलं, "साहेब, बाईच्या धाकट्या भावाकडे बघा. आठवड्यापूर्वी त्याने गुरुजींना भर चौकात धमकी दिली होती, पुन्हा गावात यायचं नाही म्हणून." भावाकडे पिकअप गाडी होती आणि तिचा बंपर चेपलेला होता. मला वाटलं, तपास संपलाच.

त्याला ठाण्यात बोलावलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच प्रश्न उलटसुलट विचारले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. धमकी त्याने नाकारली नाही. "हां, बोलनू मी. 'दुसऱ्यांदा गावमा उनात ते पाय तोडसू,' आशे बोलनू. पण दाजीले मी हात बी नई लावा, साहेब. मन्ही बहीननं कुकू मीच पुसू का?" बंपर गोठ्याच्या खांबाला लागला, असं तो सांगत होता. खोटं बोलणारा माणूस जबाब सुधारत जातो. हा दोन्ही दिवस शब्दाला शब्द तेच बोलला. हे माझ्या ध्यानात आलं होतं, तरी मी त्याला सोडायला तयार नव्हतो.

त्याच्या बहिणीची अवस्था मात्र बघवत नव्हती. नवरा रुग्णालयात, भाऊ पोलीस ठाण्यात. गुरुजी शुद्धीवर आले होते, पण उजवा हात आणि पाय हलत नव्हते. तोंडातून नुसते तुटक आवाज निघत. कोणाला कळलं नाही की चिडून डाव्या हाताने पेला भिरकावून देत. बायको तो उचलून पुन्हा भरून आणी. मला म्हणाली, "त्या मन्हाकडे देखतस, काहीतरी सांगतस. माले काहीच समजत नई, साहेब." डॉक्टरांनी शेरा लिहिला होता, 'जखमी जबाब देण्याच्या स्थितीत नाही.' मी तो कागद फायलीत लावून टाकला.

पाचव्या दिवशी बायकोचा पुरवणी जबाब घ्यायला मी आमच्या एका महिला शिपायाला रुग्णालयात पाठवलं. ती नवापूरच्या बाजूची. तासाभरात तिचा फोन आला. "सर, गुरुजी बडबडत नाहीयेत. आमच्या कोकणीत, डोंगरातल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत बोलताहेत. जीभ जड आहे, पण कळतंय."

"काय म्हणताहेत?"

"वासराला लागलं का, एवढंच विचारताहेत. पुन्हा पुन्हा."

मी जीप काढली. खाटेजवळ बायको दोन्ही हात मांडीत घेऊन बसली होती. नोकरीला लागल्यावर लोक हसले म्हणून गुरुजींनी ती बोली सोडून दिली होती. "दहा वरीस व्हयनात लगीनले," ती म्हणाली, "घरमा एक शब्द कधी बोलनात नई." डॉक्टरांनी समजावलं की मेंदूला मार बसला की कधी कधी मागून शिकलेली भाषा हरवते आणि लहानपणीची राहते.

मग ती आमच्या शिपायाला म्हणाली, "बाई, त्यासले सांग, वासरू बरं शे."

शिपायाने सांगितलं. गुरुजींनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि थोड्या वेळाने ते शांत झोपले.

वासरू खरंच बरं आहे का, हे तिला ठाऊक नव्हतं. ते शोधणं माझं काम होतं. घसरल्याच्या खुणेपासून जवळच एक मळा होता. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला पाहताच सगळं सांगून टाकलं. त्या संध्याकाळी वासराने दावं तोडलं, ते रस्त्यावर आलं, मोटारसायकलवाल्याने त्याला वाचवायला गाडी वळवली. फोन यानेच केला होता आणि आपल्यावर येईल या भीतीने मग बंद करून ठेवला होता. वासरू गोठ्यात होतं, अंगावर ओरखडाही नव्हता.

ठाण्यात बोलावून ठेवलेल्या भावाला मी स्वतः सांगितलं. माफीही मागितली. तो घरी न जाता सरळ रुग्णालयात गेला आणि दाजींच्या पायथ्याशी उभा राहिला. पुढे महिनोन्‌महिने त्यांना उचलून बसवण्यापासून दाढी करण्यापर्यंत सगळं तोच करत होता. गुरुजींची बहीण डोंगरातून येऊन तीन महिने राहिली. भावाच्या लग्नानंतर ती प्रथमच या घरात आली होती. तिच्याजवळ बसून बायको नवऱ्याची बोली शिकली.

कोर्टात अंतिम अहवाल पाठवला आणि आमचं काम संपलं. त्या घराचं संपलं नव्हतं. बदली झाल्यावर निरोप घ्यायला गेलो, तेव्हा गुरुजी काठी घेऊन अंगणापर्यंत येत होते. मराठी थोडी परतली होती, शाळेची नोकरी मात्र सुटली होती. अजूनही कधी संताप अनावर होई, मग दिवसभर ते कोणाशी बोलत नसत, हे बायकोने लपवलं नाही. चहा देताना ती त्यांना कोकणीत काही म्हणाली. गुरुजींनी हात वर करून तिला थांबवलं, चुकलेला शब्द पुन्हा म्हणायला लावला. तिसऱ्यांदा तो बरोबर आला, तेव्हा कुठे मान हलवून कप घेतला.

"देखा साहेब," ती हसत म्हणाली, "आजूनबी माले नापास करतस."

त्या पाच दिवसांत मी खबऱ्याचं ऐकलं, गावाचं ऐकलं, चेपलेल्या बंपरचंही ऐकलं. जो माणूस खाटेवरून रोज सांगत होता, त्याचं तेवढं ऐकलं नाही. पुढे नोकरी संपेपर्यंत 'जखमी जबाब देण्याच्या स्थितीत नाही' असा शेरा समोर आला, की फाईल बाजूला ठेवण्याआधी मी घरच्यांना विचारत असे, "हा आपल्या आईशी कोणत्या भाषेत बोलायचा?"